भिंतीकडे तोंड करून

“तुमच्यावर कुणी आरोप करत नाहीये, मॅडम दलेंदा,” फोनवरची मुलगी म्हणाली. आरोप करणारी माणसं अशीच सुरुवात करतात. मी भाजीवाल्यासमोर उभी होते, एका हातात वाटाण्याच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि भाजीवाला कोथिंबिरीची जुडी माझ्यापुढे धरून ताटकळलेला. फोनवरची मुलगी म्हणजे रिहाब, ट्युनिसच्या कचेरीत बसून सर्वेक्षणाच्या आम्हा सगळ्या मुलाखतकारांवर लक्ष ठेवणारी. वय अठ्ठावीस. माझ्या हाताखालून गेलेली नाही, कारण ती गाबेस शहरातली. नाहीतर तिला इतकं हळू आणि इतकं गोड बोलायची सवय लागली नसती. ती म्हणाली, तुमच्या अठ्ठेचाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांनी बाहेरच्या देशांतल्या लोकांपैकी ‘पुष्कळांना’ किंवा ‘काहींना’ इथे येऊ द्यावं असं म्हटलंय. तुमच्याच स्फाक्स शहरात बाकीच्या तिघांच्या याद्यांत दहातले दोनसुद्धा असं म्हणत नाहीत. “मग?” मी म्हटलं. “मग आम्हाला बघावं लागतं, मॅडम, की मुलाखती...” आणि ती थांबली. “की मुलाखती काय?” “झाल्या का.” भाजीवाल्यानं जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी त्याच्याकडे असं बघितलं असणार, की तो म्हणाला, “राहू दे बाई, कोथिंबीर अशीच घ्या.”

झाल्या का. म्हणजे मी घरी बसून, पाय वर घेऊन, पडद्यावर बोटं फिरवून अठ्ठेचाळीस माणसांची मतं आपल्या मनानं भरली. कॉपी केली. चौतीस वर्षं मी तनियूर रस्त्यावरच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं आणि शेजारच्याच्या पाटीत डोकावणारं एकही डोकं माझ्या नजरेतून सुटलं नाही. ओरडायचे नाही, नुसती जाऊन शेजारी उभी राहायचे. आणि आता चौसष्टाव्या वर्षी मला ‘झाल्या का’. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात रिहाबला चार उत्तरं दिली, चारही व्याकरणशुद्ध. मग वाटाणे ओट्यावर ठेवले आणि लक्षात आलं की मीठ संपलंय, तेच आणायला गेले होते.

खरं तर हे काम मी धरलंच का? निवृत्तीनंतर सकाळी सातला घरात कुणी बोलायला नाही. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा, स्कंदर, इटलीत. कुणीतरी सांगितलं, शिकलेली, पायांनी धड, मोठ्यानं वाचता येणारी माणसं हवीत, म्हणून गेले. ट्युनिसला तीन दिवस शिकवणी होती आणि ती मला आवडली, हे कबूल करते. बावीस देशांत एकाच महिन्यात एकच प्रश्नावली. मूळ प्रश्न कुठल्यातरी थंड देशातल्या कचेरीत लिहिलेले. मग इथे दोघांनी एकमेकांना न दाखवता त्यांचं अरबी करायचं, तिसऱ्यानं दोन्ही समोर ठेवून एक करायचं, आणि चौथ्यानं, ज्यानं मूळ पाहिलेलंच नाही, ते उलट फिरवून बघायचं की मूळ हाताशी लागतं का. ही शिस्त मला पटली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, सगळीकडे तेच शब्द, त्याच क्रमानं. तराजूत वजन तेच असेल तर दोन देशांतला माल ताडून बघता येतो. वजन तेच, हे मी वहीत लिहून घेतलं. पुढचं लिहून घ्यायला हवं होतं ते असं की तराजू हातात धरणारी बाईसुद्धा सगळीकडे तीच आहे असं त्या धरून चालल्या होत्या, म्हणजे ती बाई कुणीच नाही असं. मुलाखतकारानं मान हलवायची नाही. ‘वा’ म्हणायचं नाही. हसायचं नाही, कपाळाला आठी नाही. कारण इथे बरोबर आणि चूक असं काही नसतं. मी हात वर करून विचारलं होतं, “मग मूल... म्हणजे माणूस, चुकला तर?” “चुकूच शकत नाही, मॅडम.” सगळे हसले. मीही हसले, पण मला ते मनातून कधी पटलं नाही.

कामाला लागल्यावर वैताग सुरू झाला. ठरलेल्या औषधाच्या दुकानापासून निघायचं, डावं वळण, दर पाचवं दार. आमच्या शहरात घरांना नंबर कुठे आहेत? तनियूर रस्ता, किलोमीटर चार, बदामाच्या कुंपणामागे, झाला पत्ता. पाचवं दार मोजायचं तर एका भिंतीत तीन दारं, त्यातलं एक बुजवलेलं, एक मेलेल्या काकाचं, एक शेळीचं. दार उघडलं की घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं विचारायची, ती टॅबलेटात भरायची, आणि टॅबलेट त्यातलं एक नाव काढणार, त्याच माणसाशी बोलायचं, दुसऱ्या कुणाशी नाही. टॅबलेट नेमकं तेच नाव काढतं जे झोपलेलं असतं. उठवून आणलं की त्याच्याबरोबर बायको, आई, मेहुणी, पलीकडच्या घरची बाई, सगळ्या येऊन बसतात, आणि प्रश्न त्याला विचारला की उत्तर मेहुणी देते. मी म्हणायची, एकट्याशीच बोलायचंय. “बोला ना,” मेहुणी म्हणायची, “आम्ही कुठे काय म्हणतोय?”

आणि ती भाषा. चौघांनी मिळून घोटलेली ती अरबी वर्तमानपत्राचीसुद्धा नव्हती, शिलालेखाची होती. सादोककाका, वय ब्याऐंशी, जन्मभर ऑलिव्हच्या घाण्यावर काम केलेला माणूस, चटईवर मांडी घालून माझ्यापुढे बसलेला, आणि मी वाचतेय: “‘आपल्या मते, परदेशांतून निवासार्थ आलेल्या व्यक्तींमुळे राष्ट्रीय जीवन समृद्ध होते की क्षीण होते?’”

“काय होतं?”

“‘आपल्या मते, परदेशांतून निवासार्थ...’”

“अगं पोरी, ऐकू आलं मला. बहिरा नाही मी. म्हणजे काय ते सांग.”

“तेच सांगता येत नाही, काका. पुन्हा वाचते.”

“तू शाळेत बाई होतीस ना गं? मुलांनापण असंच शिकवायचीस?”

आतून त्यांची बायको ओरडली, “समृद्ध म्हण आणि मोकळा हो! कॉफी निवतेय.”

मुलाला समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणणं हा मारण्याचाच एक प्रकार आहे, असं मी नव्या शिक्षिकांना सांगायची. बदाम घ्या, खडे घ्या, बोटं घ्या, गोष्ट सांगा, पण तेच वाक्य नका म्हणू. आणि इथे मी दिवसाला चार घरांत, घराला वीस वेळा, तेच वाक्य म्हणत होते. काकांनी शेवटी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, “समृद्ध.” मी समृद्धवर बोट ठेवलं. आता आठवतं, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं.

एक नियम होता: नातेवाईक आणि मित्रमंडळी यांच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत. मी तो तंतोतंत पाळला. माझी चुलतबहीण पाचव्या दारात निघाली तेव्हा मी सहाव्या दाराला गेले नाही, कचेरीला कळवलं, त्यांनी सांगितलं तसं केलं. पण विद्यार्थी हा नातेवाईकही नाही आणि मित्रही नाही. कचेरीनं मला माझ्याच शाळेच्या आसपासचा भाग दिला होता, जाण्यायेण्याचा त्रास नको म्हणून. त्या अठ्ठेचाळीस घरांपैकी एकोणीस घरांत मी शिकवलेलं कुणीतरी होतं, किंवा शिकवलेल्याची आई. ही दाढीवाली, पोट सुटलेली, टकली मुलं दारात येऊन सरळ उभी राहायची. एकानं सिगारेट पाठीमागे लपवली, त्याच्या पायजम्याला भोक पडलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, दार तरी उघडतात. बाकीच्यांना तर लोक वीजकंपनीची माणसं समजून कुत्री सोडतात.

सतराव्या प्रश्नाशी मात्र मी अडखळायची. ‘तुमच्या मालकीची खोली रिकामी असेल, आणि गरीब देशातून आलेल्या, कामधंदा करणाऱ्या कुटुंबानं ती भाड्यानं मागितली, तर तुम्ही ती द्याल का?’ नक्की देईन, बहुधा देईन, बहुधा नाही, नक्कीच नाही. पहिल्या वीस घरांत हा प्रश्न मी इतर प्रश्नांसारखाच वाचला. मग एक सुट्टीचा दिवस आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून कुणीतरी दार वाजवलं आणि मी वरूनच म्हटलं, या, उघडंच आहे. जिन्यावर पावलं आली, आणि पावलांबरोबर मोजणं आलं, एका लहान मुलीच्या आवाजात, फ्रेंचमध्ये: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ. एक तिशीची बाई, आयव्हरी कोस्टची, डोक्याला निळा रुमाल, आणि तिच्या बोटाला धरून चार-पाच वर्षांची पोर. बाईनं नाव सांगितलं, अफुए. मासळीच्या कारखान्यात ऑक्टोपस साफ करते म्हणाली. हातांना वास होता, तो तिनं पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की गच्चीवर एक खोली आहे. होतीच. स्कंदरची. दार उघडं होतं आणि आतली कॉट दिसत होती. मी त्या बाईशी बोलायच्या आधी खाली वाकले आणि पोरीला म्हटलं, “सहानंतर काय?” पोर म्हणाली, “आठ.” मी म्हटलं, “सहा आणि आठच्या मध्ये एक लपून बसलाय. शोध बघू.” तिनं बोटं मोजली. एका बोटाशी थांबली. “सात!” म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला, की त्या एका क्षणासाठी मी चौतीस वर्षं खडू खाल्ला. मग मी उभी राहिले आणि तिच्या आईला म्हटलं, “खोली दिलीय. कालच.” बाईनं उघड्या दारातल्या कॉटकडे बघितलं, गादी गुंडाळून ठेवलेली. म्हणाली, “मेर्सी, मादाम.” आणि त्या उतरून गेल्या. पोर उतरताना पुन्हा मोजत होती, आणि या वेळी सात आला, मोठ्यानं, बरोबर सातव्या पायरीवर.

मी स्वतःला सांगितलं, स्कंदर कधीही येईल. तो सहा वर्षांपूर्वी गेला, एका होडीतून, मला न सांगता; मिलाझ्झोजवळच्या कुठल्यातरी गावात आता वेल्डिंग करतो. कधीही येईल. आणि पुढच्या अठ्ठावीस घरांत मी सतरावा प्रश्न वाचला, तेच शब्द, त्याच क्रमानं, आणि लोक म्हणत होते, “नक्की देईन, बाई, का नाही देणार?” मी बोट ठेवत होते. मला वाटत होतं, बघ, लोक किती चांगले आहेत. मला स्वतःचीच चीड येत होती आणि लोकांचं कौतुक वाटत होतं, आणि दोन्ही भावना एकमेकींना बिलगून आरामात चालल्या होत्या. आमच्या शहरात एका उन्हाळ्यात आफ्रिकेतून आलेल्या लोकांना कसं हाकललं ते मी पाहिलंय, खोल्यांमधून बाहेर काढलेली गाठोडी, रस्त्याच्या कडेला बसलेली माणसं. तरी मला नवल वाटलं नाही की तेच शहर माझ्या टॅबलेटात इतकं उदार कसं झालं. रिहाबला वाटलं. तिचं ते कामच आहे.

ती परवा आली, ट्युनिसहून शेअर टॅक्सीनं, दहा घरांची नावं घेऊन. माझ्याच दहा घरांत ती स्वतः पुन्हा तेच प्रश्न विचारणार होती, अनोळखी म्हणून. मी बरोबर यायचं नाही असा नियम, पण किलोमीटर चार, बदामाचं कुंपण, हे तिला कोण दाखवणार? “दारापर्यंत या,” ती म्हणाली, “आत नाही.” सडपातळ, चष्मेवाली, पाठीवर पिशवी, आणि चालताना सारखी घड्याळ बघणारी. पहिल्या दोन घरांबाहेर मी उन्हात उभी राहिले. ती बाहेर येऊन काही बोलली नाही. कपाळाला आठी नाही, मान नाही, काही नाही. फार चांगली शिकवलेली होती. मला तिचे कान पिळावेसे वाटले.

तिसरं घर लमजेदचं. लमजेदबद्दल सांगायला हवं. आता तो चाळिशीचा आहे, टायरचं पंक्चर काढतो, पण माझ्यासाठी तो सहा वर्षांचा आणि नाक गळणारा. पहिलीत मी मोजणी बदामांवर शिकवायची. आमच्या कुंपणातले बदाम, मोजून झाले की मुलांनी खायचे. लमजेद कधी चुकायचा नाही. पुढे ठेवलेले बदाम नऊ असोत की चौदा, तो मोजत जायचा आणि नेमका थांबायचा. दोन महिने मी त्याचं कौतुक केलं. एके दिवशी मला शिंक आली, आणि पोरगा सहावरच थांबला. समोर अकरा होते. मी त्याला पुन्हा मोजायला लावलं, तोंड अगदी दगडासारखं ठेवून, आणि तो मोजत गेला, अकरा, बारा, तेरा, पार सतरापर्यंत, घाबरा होत होत, बदाम केव्हाच संपलेले, माझ्या तोंडाकडे बघत. तेव्हा मला कळलं. तो बदाम मोजतच नव्हता. बरोबर आकडा आला की माझी डावी भुवई वर जायची, आणि तो त्या भुवईवर थांबायचा. मला आकडा यायचा, त्याला मी यायची. मी त्याला रागावले नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं वर्गाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून शेजारी-शेजारी बसायला लागलो, मांडीवर बदाम घेऊन, म्हणजे त्याला माझं तोंड दिसणार नाही. बाकीच्या मुलांना वाटलं शिक्षा आहे, म्हणून मी त्यांना सांगितलं की बाईंनापण शिक्षा आहे. सात महिने लागले. मग तो मोजायला शिकला.

त्याच्या आईनं, मबरूकानं, मला दारातून ओढून आत घेतलं. “उन्हात काय उभी राहतेस? कचेरीचा नियम? कचेरीला म्हणावं माझ्या दारात नियम माझा.” रिहाबनं हताशपणे माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी ठरलं की मी स्वयंपाकघरात बसायचं, दार लोटून. मबरूकानं माझ्यापुढे वाटाण्यांची परात सरकवली. आम्ही सोलायला लागलो. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते आणि बसायच्या खोलीचीही. हे रिहाबला माहीत नव्हतं, मला होतं, आणि मी बोलले नाही.

तिकडून रिहाबचा सपाट आवाज यायला लागला. तेच शब्द. तिनं वाचलं, गरीब देशांतून राहायला येणाऱ्यांना किती प्रमाणात येऊ द्यावं. पुष्कळांना, काहींना, अगदी थोड्यांना, की कुणालाच नाही. तीन आठवड्यांपूर्वी मला त्यानं ‘पुष्कळांना’ म्हटलं होतं.

“कुणालाच नाही,” लमजेद म्हणाला. लगेच. विचारही न करता.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मबरूका म्हणाली, “किडकी आहे का गं?” मी म्हटलं, नाही.

शून्य ते दहाचा प्रश्न, शून्य. शेजारी, नको. खोली, “नक्कीच नाही. वर आधीच पाणी चढत नाही.” रिहाब पुढे वाचत होती, आणि मी शेंग सोलत होते, आणि मला वाटत होतं, अरे गाढवा, मग मला काय सांगत होतास? बाईंना फसवलंस? तेवढ्यात सगळे प्रश्न संपले असावेत, कारण लमजेदचा आवाज बदलला, सैल झाला.

“ताई, हे सगळं बाईंना कळणार नाही ना?”

“नाव कुठेच जात नाही,” रिहाब म्हणाली.

“नाही, नावाचं नाही म्हणत. त्यांना वाईट वाटेल. त्यांचा स्कंदर तिकडे आहे ना, होडीनं गेलेला. आता त्यांच्या तोंडावर मी कसं म्हणू, बाहेरून येणाऱ्यांना येऊ देऊ नका म्हणून? आईच्या तोंडावर असं कुणी बोलतं का? सादोककाकापण तेच म्हणाले. आमच्या गल्लीत सगळ्यांनी त्यांना चांगलंच सांगितलं. त्यांनी आम्हाला अक्षरं शिकवलीत, ताई. एवढं तर करायला हवं.”

मबरूकानं माझ्याकडे बघितलं नाही. ती परातीत बघत म्हणाली, “पोरगा चांगला आहे गं माझा.”

“चांगला आहे,” मी म्हटलं. खरंच होतं ते. मला वाटलं होतं ते माझ्यातली बाई बघतायत, मास्तरीण. ते आई बघत होते. मी अठ्ठेचाळीस दारांत उभी राहून कुणी नसल्याचं सोंग केलं, आणि प्रत्येक दारात माझ्याबरोबर स्कंदर उभा होता, ओल्या कपड्यांत, आणि लोक त्याच्याकडे बघून बोलत होते. याच महिन्यात तिकडे मिलाझ्झोत कुणीतरी हेच प्रश्न घेऊन फिरत असेल, इटलीही यादीत आहे. तिथे दारातल्या बाईबरोबर कुणी उभं नसेल. तिथे लोक बहुधा खरं सांगत असतील.

बाहेर आल्यावर रिहाब थांबली. “मॅडम,” ती म्हणाली, “तुम्ही काही बनवून भरलेलं नाही. मी तसं लिहीन. आजच लिहीन.”

“आणि अठ्ठेचाळीस घरं?”

“ती वगळावी लागतील. सगळी.”

“सगळी कशी? नऊ जणांनी तर नको म्हटलंय!”

“ते नऊ कोण, मॅडम?”

मी आठवून बघितलं. तिघे नवीन राहायला आलेले. एक बहिरा. एक माझ्याशी वीस वर्षं भांडलेली मुख्याध्यापकीण. बाकीच्यांची तोंडं आठवली नाहीत. मला एकदम हसू आलं आणि लगेच राग आला, रिहाबवर, लमजेदवर, त्या थंड देशातल्या कचेरीवर, ज्यांना वाटतं की प्रश्न वाचणारी बाई काचेची असते. इतकी उन्हातान्हातली वणवण, शेळीचं दार मोजून, आणि निघालं काय, तर स्फाक्सची माणसं माझ्याशी नीट वागतात. हे मला त्यांनी विचारलं असतं तर मी टॅबलेटशिवाय सांगितलं असतं.

टॅक्सीला वेळ होता म्हणून मी रिहाबला घरी आणलं, वाटाणे आणि कोकराच्या मटणाचा रस्सा वाढला. ती घड्याळाकडे न बघता जेवली, तेव्हा मला ती प्रथमच लहान वाटली. जेवण झाल्यावर मी तिला गच्चीवर नेलं. स्कंदरच्या खोलीत एकच खुर्ची आहे. ती मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसले.

“काय करताय, मॅडम?”

“मला विचार.”

“तुम्ही यादीत नाही. तुम्हाला विचारून उपयोग नाही.”

“टॅबलेटात भरू नकोस. नुसतं विचार. आणि माझ्या मागे उभी राहा, म्हणजे मला तुझं तोंड दिसणार नाही.”

तिला वाटलं असेल म्हातारी बिथरली. पण मुलगी भली. कागदांची चळत काढल्याचा आवाज आला, आणि मग तिचा तो सपाट आवाज, माझ्या पाठीवर. पहिले प्रश्न सोपे गेले. पुष्कळांना की काहींना, यात मी ‘काहींना’ म्हटलं. राष्ट्रीय जीवन समृद्ध होते की क्षीण, मी म्हटलं, “म्हणजे काय?” आणि तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, आणि मला सादोककाकांची माफी मागावीशी वाटली. समोर भिंतीवर एक खिळा होता. त्याच्याखाली चुन्यात एक फिकट चौकोन, तिथे काय टांगलेलं होतं ते मला आठवेना. भिंतीशी बोलणं विचित्र असतं. शब्द जातात आणि तिथेच राहतात, कुणी ते उचलून घेत नाही.

“सतरावा,” रिहाब म्हणाली. “‘तुमच्या मालकीची खोली रिकामी असेल, आणि गरीब देशातून आलेल्या, कामधंदा करणाऱ्या कुटुंबानं ती भाड्यानं मागितली, तर तुम्ही ती द्याल का?’”

हा प्रश्न मी अठ्ठेचाळीस वेळा मोठ्यानं वाचला होता. ऐकला नव्हता एकदाही. तिनं चार उत्तरं वाचली. बाहेर तारेवर कपडे फडफडत होते. मला जिना ऐकू येत होता, सहा, सात, आठ.

“बहुधा,” मी म्हटलं.

“बहुधा देईन की बहुधा नाही?”

भिंत काही बोलली नाही. माझ्या मांडीवर बदाम नव्हते, पण हात आपोआप तिथे ओंजळीसारखे झाले होते.

“बहुधा नाही, नाही,” मी म्हटलं. “नक्कीच नाही. आली होती. दिली नाही मी. ही खोली आहे, ही कॉट, आणि मी सांगितलं, दिलीय.”

मागून आवाज नाही. ‘बरं’ नाही, श्वास नाही, चप्पल सरकल्याचा आवाज नाही. फक्त कागद उलटला. “अठरावा,” रिहाब त्याच सपाट आवाजात म्हणाली, आणि वाचायला लागली. किती छान शिकवलंय या मुलीला, मला वाटलं, किती छान आणि किती दुष्ट. अठराव्या प्रश्नातला एकही शब्द माझ्या कानात शिरत नव्हता. मी खिळ्याकडे बघत होते आणि माझी मान वळत होती, हळूहळू, आपोआप, डाव्या खांद्यावरून मागे, तिच्या भुवईकडे.